जाऊबाईंची डावी पापणी

लग्न होऊन मी लालबागेत आले तेव्हा आमच्या चाळीत दोन वर्तमानपत्रं येत. एक तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात आणि दुसरं चाळ कमिटीच्या चिटणिसांकडे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, याबद्दल दोन्ही पत्रं रोज वेगवेगळं सांगत. त्यामुळे चाळीचा दोन्हींवरचा विश्वास उडाला आणि तो तिसऱ्याच एका गोष्टीवर जाऊन बसला. ती गोष्ट म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची डावी पापणी.

मी गिरगावातली, मॅट्रिक झालेली. आम्हा गिरगावकरांना मुंबई आपल्याच गॅलरीतून सुरू होते असं वाटत असतं, आणि लालबाग-परळ म्हणजे ती जिथे संपते ती जागा. बाईचा डावा डोळा लवला तर चांगलं, उजवा लवला तर वाईट, पुरुषांचं उलट, एवढं माझ्या आईलाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे डोळा लवला की आई आमटीत पेलाभर पाणी जास्त घालायची आणि विसरून जायची. पाहुणे आले तर आले, नाही आले तर आमटी पातळ. लालबागेत मात्र पापणीचा कारभार पुष्कळच पद्धतशीर होता.

त्याची सुरुवात झाली ती थोरले भावोजी तुरुंगात गेले त्यानंतर. भावोजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माणूस अबोल, पण संयुक्त महाराष्ट्राचं नाव काढलं की अंगात यायचं. सत्याग्रहाच्या तुकडीत नाव घालून आले आणि जेवताना म्हणाले, "उद्या जातंय." जाऊबाईंना वाटलं गावाला जाताहेत. त्यांनी विचारलं, "भाकऱ्यो बांधू?" तुरुंगात जाणाऱ्या माणसाला शिदोरीचं विचारणारी ही एकटीच बायको असेल, असं आमच्याकडचे नंतर हसून सांगायचे. त्या रात्री मात्र कोणी हसलं नव्हतं.

सत्याग्रह झाला, धरपकड झाली, आणि भावोजींवर जमावबंदी मोडल्याच्या जोडीला आणखी कसलं तरी कलम लागलं. खटला लांबत गेला. कधी सुटणार हे कोणी सांगेना. आज सुटतील, सणाला सुटतील, अशा बातम्या नळावर सुरू होत आणि नळ जाईपर्यंत संपत.

खोलीत आता आम्ही तिघंच उरलो. मी, माझा नवरा आणि जाऊबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या गिरणीत रिळखात्यात जायच्या, सूत तुटलं की चटकन गाठ मारायची आणि पुढे जायचं, असलं काम. मी त्यांना 'बाई' म्हणायची. त्यांनी नवस बोलला: भावोजी घरी येईपर्यंत मासळी वर्ज्य.

मालवणकडच्या बाईनं मासळी सोडणं ही गोष्ट गिरगावात बसून कळत नाही. मला तेव्हा कळली. वरळीची कोळीण जिना चढून वर यायची आणि टोपली उतरवून हाक मारायची. बाई दाराआडून नको म्हणायच्या. दोन-चारदा असं झाल्यावर कोळीण चिडली. "का गं, माझी मासली सडलीय काय?" बाईंनी नवस सांगितला तशी ती टोपलीशेजारी बसली आणि म्हणाली, "नवस बोलायचा तर कारल्याचा बोलायचा, बाय. मासलीचा कुनी बोलतं व्हय?" मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

पण बाईंचा नवस एका जागी थांबेना. मासळी सोडली म्हणून कालवण गेलं. कालवण नाही तर भात कशाशी गिळायचा, म्हणून भात निम्म्यावर आला. तोही रास्त भावाच्या दुकानातला पांढराफेक, चवही नाही नि सत्त्वही नाही. दुधाची वाटी माझ्या नवऱ्याच्या चहात रिकामी व्हायची, भाजी मला वाढली जायची. "तां नवीन पोर, तुका लागता," असं म्हणत. आणि स्वतः काळ्या चहावर चहा. विचारलं तर म्हणत, "जेवलंय गो गिरणीत." गिरणीत विचारलं असतं तर "घरातसून जेवान इलंय" असं ऐकायला मिळालं असतं.

अशाच एका सकाळी वेणी घालताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "डावो डोळो लवता गो." मी पुढे होऊन बघितलं. खरंच, खालची पापणी फडफडत होती. संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक सत्याग्रही सुटून आला आणि त्यानं निरोप आणला की भावोजी बरे आहेत, आत भजनं म्हणतात. भावोजी आणि भजनं! त्यावर नवरा आणि मी खूप हसलो. पण बाईंनी दोन्ही हात जोडून डोळ्यांना लावले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली ती अशी.

मग काय विचारता. नळापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच चाळीला बातमी लागायला लागला. दुसऱ्या दिवशी पापणी पुन्हा लवली आणि कोपऱ्यावरच्या सभेला म्हणे कधी नव्हे एवढी गर्दी झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीच्या मुलीला सांगून आलं. बायका कामावर जाताना आमच्या दारावरून वाट वाकडी करू लागल्या. "काय बाई, लवला काय?" बाई शरमून पदर तोंडाला लावायच्या, पण सांगायच्या. "लवलो. सकाळीच."

सगळ्यांत जास्त रस चिटणिसांना. हे चाळ कमिटीचे चिटणीस म्हणजे गांधी टोपी, फाउंटन पेन आणि भाषणाची हौस. आमच्यापुढे म्हणायचे, "हे सगळं अंधश्रद्धेचं आहे, वहिनी, आपला लढा शास्त्रीय पायावर उभा आहे." आणि निघता निघता दारात घुटमळून मला हळूच विचारायचे, "आज कसं काय आहे?"

रिळखात्यात बाईंची एक जिवाभावाची मैत्रीण होती. शेजारच्या चाळीतली, त्याच वर्षी दीक्षा घेऊन बौद्ध झालेली. रविवारी यायची. आल्या आल्या मला ऐकवायची, "आमी द्येव, शकुन, नवस, समदं सोडलं बग. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात." मी म्हणायची, फार चांगलं झालं. मग ती बाईंकडे वळून म्हणायची, "तुजी पापणी काय म्हनतीया? आमाला काय त्याचं नाय, पर मुंबई तर आपली समद्यांची हाय की."

आणि एक दिवस घात झाला. उजवी पापणी लवली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. दारावरून जाणाऱ्या बायका आत न डोकावता जाऊ लागल्या. गॅलरीत कुजबुज सुरू झाली. शेवटी चिटणिसांना बोलावणं गेलं. ते आले, खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच विचार करून त्यांनी निवाडा दिला. उजवा डोळा बाईला वाईट हे खरं. पण घरातला कर्ता पुरुष तुरुंगात आहे. त्याचे शकुन कुठे उतरायचे? तिथे आत तर उतरू शकत नाहीत, पहारा आहे. म्हणजे ते अर्धांगीच्या अंगावर उतरणार. तेव्हा सदर उजवी पापणी ही भावोजींची समजावी आणि पुरुषाची उजवी शुभ, हे सर्वांना ठाऊक आहेच.

चाळीनं निःश्वास सोडला. त्या दिवसापासून बाईंचा कोणताही डोळा लवला तरी चांगलंच होणार, असं ठरून गेलं. दिल्लीला जर आमच्या चिटणिसांना कोणी पाठवलं असतं तर मुंबईचा प्रश्न एका बैठकीत सुटला असता.

एवढी गंमत चालली होती, पण मी बाईंच्या शेजारी झोपायची. मला दुसरंही दिसत होतं. सकाळी त्यांच्या पापण्या चिकटलेल्या असत, ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय उघडत नसत. कडा लाल झालेल्या, त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे. केस झडून पापण्या मधे मधे उघड्या पडल्या. ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ लालभडक. उजेड सोसेना म्हणून गॅलरीकडे पाठ करून बसायच्या. तुपाचं बोट लावून झालं, धन्याचं पाणी झालं, तळहातावर बोट चोळून गरम गरम टेकवून झालं. मग एक दिवस मैत्रीण मला जिन्यात गाठून म्हणाली, "तिला तुटल्यालं सूत दिसंना झालंय. मी बाजूनं गाठी मारतीया तिच्या, पर मुकादमानं बघितलं तर काम जाईल. कायतरी कर."

मी बाईंना ट्रामनं गिरगावात आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. तेवढ्यासाठी मला त्यांना माझ्या माहेरी जायचंय असं खोटं सांगावं लागलं.

डॉक्टर शुद्ध बोलणारे, चष्मा कपाळावर. त्यांनी बाईंच्या पापण्या उलटून पाहिल्या, जीभ पाहिली, ओठांचे कोपरे पाहिले, आणि डोळ्यांबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "आपण जेवता काय?"

"सगळा जेवतंय," बाई म्हणाल्या.

"सकाळी?"

"चाय."

"दुपारी?"

"चाय. आणि भात."

"रात्री?"

यावर मी म्हणाले, "डॉक्टर, चहाच लिहा."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, यांच्या अंगात 'ब' जीवनसत्त्व पार कमी पडलंय, ते कमी झालं की पापण्यांच्या कडा, ओठांचे कोपरे नि जीभ आधी ओरडतात. दूध, अंडी, पालेभाजी, कलेजी, मासे, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. शिवाय या गोळ्या घ्यायच्या. काही आठवड्यांत डोळे साफ होतील. हयगय केली तर मात्र पुढे नजरेला अपाय व्हायचा.

"मासे नको. नवस असा," बाई म्हणाल्या.

"मग अंडं खा."

बाईंनी माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "अंडा मासळीत धरूचा की नाय?"

"कोंबडी पाण्यात राहत नाही," मी म्हणाले.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. पापणी लवते, ती कशानं? डॉक्टर म्हणाले, त्याला एकच एक कारण नसतं. जागरण, काळजी, एवढा चहा, नि हा अशक्तपणा. खाणं-झोप ताळ्यावर आली की तेही थांबेल.

"थांबात?"

"थांबेलच की."

बाई खुर्चीवर सावरून बसल्या. त्या खेडवळ होत्या, भिडस्त होत्या, डॉक्टरांपुढे तोंडावरचा पदर काढून बोलत नव्हत्या. पण तेव्हा पदर बाजूला करून त्या स्पष्ट म्हणाल्या, "डाक्टरांनू, उजवो बरो करा. डावो तेवढो असोच रवांदे."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर आणून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे.

गोळ्या घरी आल्या आणि देव्हाऱ्यामागे जाऊन बसल्या. तपकिरी रंगाच्या, जुन्या ताडीसारखा वास मारणाऱ्या. मी आग्रह केला, रागावले, रुसले. मी जेवणार नाही म्हणून धमकी दिली, तर त्यांनी माझ्यासाठी शिरा केला आणि मी तो खाल्लाही. उपासाच्या लढाईत त्यांच्यापुढे माझा निभाव लागणं शक्य नव्हतं.

मग मी चिटणिसांना फितवलं. त्यांना पढवलं की रोगी डोळ्याचा शकुन धरायचा नसतो, असं शास्त्र आहे म्हणून सांगा. निवाडे द्यायची त्यांना हौस होतीच. संध्याकाळी ते आले, टोपी मांडीवर घेतली आणि निरोगी नेत्र आणि रोगी नेत्र यांवर चांगलं पाऊण तास बोलले. बाईंनी पदरात हात गुंडाळून सगळं ऐकलं. ते गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती दिवस शिकयलंस ह्येका?"

मी म्हटलं, "बाई, डोळे जातील तुमचे. पापणी लवली म्हणून कुणी कुणाला तुरुंगातून सोडत नाही."

"माका ठावक नाय काय ता?" त्या म्हणाल्या.

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, उजेड लागू नये म्हणून. तशाच, माझ्याकडे न बघता बोलल्या. भावोजी गेले तेव्हा चार दिवस चाळ येऊन विचारून गेली. पुढे ज्याला त्याला मुंबईचीच काळजी. सभा, मोर्चे, कोण काय बोललं. ज्या माणसानं त्यासाठी अंगावर खटला घेतला त्याचं नाव कोणी काढेना. मग पापणी लवायला लागली आणि दारात माणसं यायला लागली. पापणीचं विचारताना का होईना, "ते कधी येतले?" असं विचारायला लागली. "ती लवाची थांबली," बाई म्हणाल्या, "तर ह्यांचा कोण इचारतला?"

मला वाटत होतं, मी शिकलेली आणि त्या भोळ्या. चाळ त्यांच्या डोळ्याकडे शकुन म्हणून बघत होती, आणि त्या त्याच डोळ्यानं चाळीला रोज दाराशी बोलावत होत्या. मला फार वाईट वाटलं. आणि, आता म्हणायला हरकत नाही, थोडं कौतुकही वाटलं.

"मी विचारीन," मी म्हटलं. "रोज. पापणी लवो न लवो."

"तू घरचा माणूस. तुझ्या इचारण्याक काय?"

"मग चाळीला विचारायला लावीन. पण आधी गोळी."

त्यांनी गोळी घेतली. वासानं तोंड एवढं वाकडं केलं की मी पाण्याचा तांब्या पुढे करून ठेवला. वर अंडं उकडून दिलं. ते त्यांनी कोंबडी पाण्यात राहत नाही, याची पुन्हा एकदा खात्री करून घेऊन खाल्लं. नवस मोडायचा नाही हे मीही कबूल केलं होतं. मासळीला हात लागला नाही.

आणि मी शब्द पाळायला निघाले. सकाळी नळावर मोठ्यानं म्हणायची, "बाई, भावोजींची काही खबर?" पहिल्या दिवशी बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. ही शेजारी झोपते नि नळावर विचारते! पण अशा गोष्टींना सवय लागते. मैत्रीण रिळखात्यात विचारू लागली, "दादाचं काय कळलं?" चिटणिसांना मी दम भरला की पापणीबद्दल एक शब्द काढलात तर तुमच्या निरोगी नेत्रांचं शास्त्र कुठून आलं ते सगळ्या गॅलरीला सांगीन. ते बिचारे मग रोज संध्याकाळी येऊन भावोजींची चौकशी करू लागले. एक-दोनदा त्यांनी वकिलाकडे खेपही घातली. पापणी लवत असती तर घातली नसती.

डोळे हळूहळू साफ झाले. आधी चिकटणं थांबलं, मग पापुद्रे गेले, मग ओठांच्या चिरा मिटल्या. फडफड कधी थांबली ते कोणालाच आठवत नाही, मलासुद्धा नाही. झडलेले केस मात्र पुरते आले नाहीत. डाव्या पापणीला मधे एक मोकळी जागा राहिली. बाई पुन्हा गॅलरीकडे तोंड करून बसायला लागल्या. सूत पुन्हा दिसायला लागलं.

भावोजी आले ते भर दुपारी, कोणाला काही न कळवता. शकुन नाही, स्वप्न नाही, कावळासुद्धा ओरडला नाही. रस्त्यात कोणीतरी ओळखलं आणि ते जिना चढेपर्यंत मागे निम्मी चाळ. चिटणीस हार घेऊन धावत आले. घोषणा झाल्या. चिटणिसांनी दारातच दोन शब्द बोलायला सुरुवात केली, ते दोन शब्द बराच वेळ चालले. भावोजी वाळले होते, दाढी वाढली होती. हार गळ्यात घालून ते माणसांवरून नजर फिरवत उभे होते.

बाई चुलीपाशी होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. भावोजीच आत गेले. चारचौघांत बायकोशी शब्द न बोलणारा तो माणूस, पण त्यांनी बाईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डाव्या पापणीतली मोकळी जागा, ओठांच्या कोपऱ्यातले वण, सगळं पाहिलं. पाहून झालं तशी हळू आवाजात म्हणाले,

"तुका कोणी बघूक नाय काय गो?"

चिटणीस हाराच्या पिशवीची घडी घालू लागले.

बाईंनी माझ्याकडे हात केला.

"सगळी चाळ डोळो बघी होती," त्या म्हणाल्या. "हिणा माका बघल्यान."